अक्काच्या नावाची माइट

कॉलेजात सगळे त्यांना माइटसर म्हणायचे. तोंडावर नुसतं सर. प्राणिशास्त्र विभागात कुणी मासे बघायचं, कुणी बेडूक, कुणी फुलपाखरं. फुलपाखरांच्या खोलीत पाहुणे यायचे आणि फोटो काढून जायचे. सरांच्या खोलीत आलेल्या पाहुण्याला मात्र आधी स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा लागायचा. मग दिसायचं काय, तर टिंबाएवढा, आठ पायांचा, अंगावर विरळ केस असलेला एक जीव. पाहुणे "अरे वा" म्हणायचे आणि दंड खाजवत उठायचे.

"खाजवू नका," सर म्हणायचे. "तिला तुमच्यात काडीचा रस नाही."

पहिल्या तासाला ते पोरांना सांगत, की माइट म्हणजे कीटक नव्हे. ही कोळ्यांची आणि विंचवांची चुलत भावंडं. जनावराच्या कानातली गोचीड, खरजेचा जीव, पिकावरचा लाल कोळी, जुन्या पिठात हलणारी धूळ, ही सगळी माणसं याच वाड्यातली. ते 'माणसं' म्हणाले की पोरं हसायची. "पण वाडा एकच आहे का, यावर भांडण आहे," सर पुढे सांगत. "काही शास्त्रज्ञ म्हणतात, सगळ्यांचा पूर्वज एक. काही म्हणतात, ही दोन वेगळी घराणी. वेगवेगळ्या वाटांनी लहान झाली आणि आपण बारीक-बारीक म्हणून एका पोत्यात भरली. तेव्हा दिसण्यावर जाऊ नका. नातं विचारा."

नातं विचारायची त्यांची रीत चिवट होती. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने ते माइट उचलायचे, काचपट्टीवरच्या औषधाच्या थेंबात सोडायचे, वर पातळ काच ठेवून पट्टी उबेला ठेवायचे. जीव पारदर्शक झाला की पायांवरचे केस मोजायला लागायचे. कुठल्या पेरावर केस आहे, आखूड आहे की लांब, साधा आहे की पिसासारखा, यावरून जात ठरायची. सारख्या जातींची मिळून एक प्रजाती आणि प्रजातींचं मिळून कुळ. दिवसभर असे केस मोजून सर घरी आले की अक्का विचारायची, "आज किती न्हाव्यांचं काम केलंस?"

अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा अक्का टेलिफोन ऑफिसात नुकती लागली होती. धाकट्याला तिनेच वाढवलं, शिकवलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. पुढे सरांचंही राहून गेलं, पण ते त्यांच्या स्वभावामुळे. दोघं एका मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायची. अक्का मोठ्याने बोलायची, कारण आयुष्यभर तिने लांबच्या माणसांशी बोलण्याचं काम केलं होतं. सर हळू बोलायचे.

तरुणपणी सरांना एका लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या पोटाखाली एक माइट सापडली. चपटी, ढालीसारखी. तोंड नाही, पचनाची सोय नाही, मागच्या बाजूला चिकटून बसायला चूषकांची एक छोटी तबकडी. अशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. कुठल्याच प्रजातीत बसेना, तेव्हा सरांनी तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली आणि तिला अक्काचं नाव दिलं, मागे लॅटिन शेपूट लावून.

छापील अंक घेऊन ते घरी आले तेव्हा अक्का भांडी पुसत होती.

"किड्याला माझं नाव?"

"किडा नाही अक्का, माइट."

"बरं, माइट. खाते काय?"

"काहीच नाही. तिला तोंडच नसतं."

"मग माझ्यावर मुळीच गेलेली नाही," अक्का म्हणाली आणि इतकी हसली की हातातलं ताट ठेवावं लागलं.

पण ते नाव तिला मनापासून आवडलं. ऑफिसात तिने सगळ्यांना सांगितलं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं, तेही तोंड उघडं असताना. सरांनी काढलेलं त्या माइटचं चित्र तिने चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. नवीन माणूस आला की बोट दाखवायची, "ही मी."

सरांनी पुढे बऱ्याच जाती शोधल्या, पण प्रजाती ती एकच. संमेलनात ओळख करून देताना लोक तिचाच उल्लेख करायचे. सर मान खाली घालून ऐकायचे आणि ते ऐकायला मिळावं म्हणूनच जायचे.

मग बारकी आली. संशोधनाला आलेली विद्यार्थिनी, हडकुळी, चटपटीत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे तिला बारकीच म्हणायचे. सरांसारखं मेलेल्या माइटचे केस मोजण्यात तिचा जीव रमत नसे. तिला त्या जिवंत हव्या असायच्या. काचेच्या नळ्यांच्या तळाशी ती प्लास्टर आणि कोळशाची पूड घट्ट बसवायची, वर थोडं पाणी, चिमूटभर यीस्ट, आणि त्यात कुजक्या लाकडातली एक जुनी, सगळ्यांना माहीत असलेली माइट वाढवायची. ओल कमी-जास्त केली की तिच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. घरी गेली तरी नळ्यांची काळजी. सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या पहारेकऱ्याला सांगून आत यायची. अक्काला ती फार आवडायची. ती घरी आली की अक्का तिला जबरदस्तीने जेवायला बसवायची. "एवढंसं अंग घेऊन दिवसभर नळ्यांशी झगडतेस? चक्कर येईल," म्हणायची.

एकदा बारकीला ताप आला आणि नळ्या आठवडाभर कोरड्या पडल्या. ती परत आली तेव्हा बऱ्याच माइट मेल्या होत्या. उरलेल्या काही मात्र बदलल्या होत्या. चपट्या, तपकिरी, काचेला घट्ट चिकटलेल्या.

त्या दुपारी सर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. बारकी दारात आली. "सर, जरा बघता? मला नीट कळत नाहीये."

ते तिच्या टेबलाशी गेले. भिंगाखाली एक माइट कात टाकत होती. अर्धी बाहेर, अर्धी जुन्या कातडीत. जुनी कातडी त्या साध्या, सगळ्यांना माहीत असलेल्या माइटच्या पिलाची होती. त्यातून बाहेर येत होती ती ढालीसारखी, बिनतोंडाची, चूषकांची तबकडी असलेली. अक्काच्या नावाची.

सरांना पहिल्याच नजरेत कळलं. या कुळातल्या काही माइट अशाच असतात, हे त्यांनी स्वतः शिकवलं होतं; फक्त हिचं साधं रूप कुठलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दिवस वाईट आले की पिल्लू एक वेगळं रूप घेतं, खाणंपिणं सोडतं, एखाद्या भुंग्याला चिकटतं आणि त्याच्या अंगावरून दुसरीकडे जातं. तिथे पुन्हा कात टाकून साधं होतं. म्हणजे त्यांनी तरुणपणी भुंग्याच्या पोटाखाली जी पकडली, ती नवी प्रजाती नव्हतीच. ते एका जुन्या, ओळखीच्या माइटचं प्रवासाला निघालेलं पोर होतं.

ते बराच वेळ भिंगावरून डोळा काढेनात.

"सर?"

"ही बाहेरून शिरली असेल."

"जाळीची झाकणं मेणाने पक्की बसवली होती, सर. आणि ती त्या कातडीतून—"

"एकावर एक दोन पडल्या असतील. असं दिसतं कधीकधी. पुन्हा करून बघ."

बारकीने पुन्हा केलं. मुद्दाम नळ्या सुकवल्या. पुन्हा तेच निघालं. सर म्हणाले, लाकूड वेगळं घे. तिने वेगळं घेतलं. पुन्हा तेच. मग सर म्हणाले, यीस्टमधून आली असेल. तिने यीस्ट बदललं. दर वेळी सर नवी शंका काढायचे आणि दर वेळी ती मान डोलावून जायची, कारण शंका काढणं हे सरांचं कामच, असं तिला वाटायचं. कात टाकणाऱ्या त्या माइटची पट्टी तिने सरांकडे दिली. "तुमच्याकडे जास्त सुरक्षित राहील," म्हणाली. सरांनी ती टेबलाच्या खणात ठेवली.

प्रबंध लिहून झाला तेव्हा सर म्हणाले, "ते नळ्या सुकवल्याचं प्रकरण काढून टाक. मग सही करतो."

बारकीला आधी वाटलं, सर थट्टा करताहेत. "सर, मग त्यात राहिलं काय?"

"भरपूर आहे की. ओल, पिढ्या, तक्ते."

"तुमच्या प्रजातीबद्दल आहे म्हणून म्हणता का?"

असं सरळ कुणी सरांना कधी विचारलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते नाव माझ्या बहिणीचं आहे. तिचं वय झालंय. एवढीच एक गोष्ट तिला मिळाली आयुष्यात. ती काढून घ्यायची?"

अक्काच्या हातचं बारकी जेवली होती. ती म्हणाली, "मी येऊन अक्कांना समजावून सांगू का? नीट सांगितलं तर त्या—"

"माझ्या घरापर्यंत यायचं कारण नाही," सर म्हणाले. आवाज चढला होता. बाहेर शिपाई झाडू मारायचा थांबला.

प्रकरण तिने काढलं नाही आणि सही सरांनी केली नाही. 'बघू', 'पुढच्या महिन्यात', 'अजून एकदा वाचतो' असं करत नोंदणीची मुदत संपून गेली. तिने दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जायचं म्हटलं असतं, पण माइटचं काम करणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. घरी तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं. शेवटी एक दिवस तिने आपल्या सगळ्या नळ्या घासून धुतल्या, पालथ्या घालून ठेवल्या आणि सरांच्या दाराशी आली.

"येते, सर."

"हं," सर म्हणाले. ते पट्टीवर नाव लिहीत होते. मान वर केली नाही.

अक्काने पुढे कितीदा तरी विचारलं, "ती बारकी हल्ली येत नाही?" सर म्हणायचे, "तिला दुसरीकडे नोकरी लागली." ते त्या वेळी खरं नव्हतं. नंतर खरं झालं.

वर्षं गेली. सर विभागप्रमुख झाले आणि निवृत्तही झाले. निवृत्तीनंतरही कॉलेजने त्यांना संग्रहाच्या खोलीत बसायची मुभा दिली होती. माइटचं शास्त्र तोवर पार बदललं होतं. केस मोजणारे कमी झाले होते. आता लोक अख्खी माइट वाटून तिचा डीएनए वाचायचे आणि त्यावरून नात्यांचे वृक्ष काढायचे. कित्येक जुनी कुळं मोडली, कित्येक नवी जोडली गेली. सरांना याचा राग नव्हता. वाड्यांचं भांडण मिटत का नाही, हे ते अजून उत्सुकतेने वाचायचे.

अशाच एका लेखात, दूरच्या एका विद्यापीठातल्या मंडळींनी काढलेल्या मोठ्या वृक्षाच्या खालच्या एका फांदीवर त्यांना आपली प्रजाती दिसली. तिच्यात आणि त्या जुन्या माइटमध्ये काही फरक नव्हता. लेखकांनी ती जुन्या नावात विलीन केली होती. सरांना वाटलं होतं, हा दिवस आला तर आपल्याला फार लागेल. तसं झालं नाही. लागलं ते खालच्या एका साध्या वाक्याने. तिथे लिहिलं होतं, की ही माइट आजवर कुणी प्रयोगशाळेत वाढवून पाहिलेली नसल्यामुळे ही चूक इतकी वर्षं लक्षात आली नाही.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

घरी गेल्यावर त्यांनी अक्काला सांगितलं. तिला आता कमी ऐकू यायचं, म्हणून तिच्या कानाशी वाकून सांगावं लागलं.

"म्हणजे माझं नाव गेलं?"

"अगदी गेलं नाही. यादीत राहतं. जुन्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात."

"असू दे. एवढी वर्षं मिरवलं, पुष्कळ झालं," अक्का म्हणाली. मग तिने भावाच्या तोंडाकडे बघितलं. "बाळ्या, एवढ्याने तुझं तोंड असं होणार नाही. काय झालंय?"

मग सरांनी सगळं सांगितलं. नळ्या, कात, सही. अक्का ऐकत होती. मध्ये दोनदा तिने "मोठ्याने बोल" म्हटलं, त्यामुळे सरांना नको ती वाक्यं पुन्हा, आणि मोठ्याने, म्हणावी लागली.

"आणि तिला कारण काय सांगितलंस?"

"की तुला वाईट वाटेल."

"माझ्या नावावर खपवलंस हे," अक्का म्हणाली. "किड्याला नाव देताना मला विचारलं नाहीस, ते एक राहू दे. हसले मी. पण हे मला विचारायला हवं होतंस. ती पोरगी माझ्याबद्दल काय समजली असेल रे? की म्हातारीच्या हौसेपायी माझं शिक्षण बुडालं?"

"अक्का—"

"माझ्याशी नको बोलूस. तिला शोध."

शोधायला फार वेळ लागला नाही. जुन्या शिपायाला माहीत होतं. बारकी गावातच, रक्त-लघवी तपासायच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. आता तिथली मुख्य होती. इतकी वर्षं सर त्या रस्त्याने जात-येत होते.

सकाळी ते तिथे गेले. भिंतीला लावून खुर्च्या, खुर्च्यांत सुई लागण्याआधीच दंड धरून बसलेली माणसं. आतून एक बाई आली. बारकी आता बारकी राहिली नव्हती. केस पिकले होते, पांढरा कोट पोटाशी ताणला होता. पण चाल तीच.

"सर! तुम्ही?" ती म्हणाली. "उपाशीपोटी आलात ना?"

"हो," सर म्हणाले. ते खरोखरच सकाळपासून काही न खाता आले होते, धीर होईना म्हणून. तिने त्यांना आत नेलं, बाही वर करायला सांगितली, दंडाला पट्टा बांधला. सरांनी निमूटपणे हात पुढे केला. सुई आत गेली तेव्हा ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

"काय, सर?"

"त्या नळ्या. आता सिद्ध झालंय. छापून आलंय."

तिने नळीत रक्त भरू दिलं, सुई काढली, कापूस ठेवला. "हे दाबून धरा," म्हणाली. मग नळीवर चिठ्ठी चिकटवत उभी राहिली.

"म्हणजे चूक नव्हती माझी?"

"नव्हती."

"मला वाटलं होतं, असणार काहीतरी," ती म्हणाली. "नंतर मी तसंच ठरवून टाकलं. झाकण नीट बसलं नसेल, कुठेतरी हलगर्जीपणा झाला असेल. नाहीतर सर असं का करतील? म्हणून मग इथे सगळं दोनदा तपासायची सवय लागली. पोरी चिडतात माझ्यावर."

सरांच्या हातातला कापूस खाली पडला. तिने दुसरा दिला.

"मला त्या दुपारीच कळलं होतं," सर म्हणाले. "बघितल्या बघितल्या."

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, नीट बघावं तसं. बाहेरून कुणीतरी मॅडम, मॅडम म्हणून हाक मारत होतं.

"ज्यात छापून आलंय, त्या मासिकाला मी लिहितो," सर घाईने म्हणाले. "तू हे आधी शोधलं होतंस, असं. तुझं नाव येईल."

"आता नाव येऊन काय करू, सर? त्या वेळी तुम्ही नुसतं 'हो, तसंच आहे' म्हणाला असतात ना, तर पुरलं असतं. छापलं नसतं तरी चाललं असतं." ती दाराकडे वळली. "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. जाताना काहीतरी खा."

सरांनी तरीही लिहिलं. मासिकाचं उत्तर सभ्य होतं: पुरावा म्हणून नमुना असेल तर पाठवावा. सरांनी आपल्या जुन्या टेबलाचा तो खण उघडला. पट्टी तिथेच होती. पण पातळ काचेच्या कडा लाखेने बंद करायला हव्यात, नाहीतर आतलं औषध वाळतं, हे सर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचे. स्वतःच्या प्रत्येक पट्टीच्या कडा ते बंद करायचे. ही त्यांनी तशीच ठेवली होती. त्यांनी ती भिंगाखाली धरली. औषध वाळून त्याचे खडे झाले होते, मध्ये हवा शिरली होती. पाय कुठे, कातडी कुठे, काही ओळखू येत नव्हतं. ते किती तरी वेळ पट्टी फिरवत राहिले.

तसं कळवल्यावर मासिकाने दिलगिरी व्यक्त केली. शेवटी सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकात दोन पानं लिहिली, काही न लपवता. अंक वाटला गेला, पण ती पानं किती जणांनी वाचली कोण जाणे. फुलपाखरांच्या सरांनी पाठीवर थाप मारली आणि "कशाला जुनं उकरता," म्हणाले. बारकीला सरांनी स्वतः अंक नेऊन दिला. "वाचते सावकाश," म्हणून तिने तो रिपोर्टांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. वाचला का, ते सरांनी विचारलं नाही.

रक्तात साखर निघाली होती. त्यामुळे सरांना तिथे अधूनमधून जावंच लागतं. बारकी स्वतः रक्त काढते. त्यांची शीर पटकन सापडत नाही, दुसऱ्या कुणाला जमत नाही. एकदा सर म्हणाले, "कॉलेजात नवा सूक्ष्मदर्शक आलाय. वेळ असेल तर ये एकदा." ती हसून म्हणाली, "दिवसभर तेच करते हो, सर. घरी गेल्यावर डोळे मिटून बसावंसं वाटतं."

सर घरी आले की अक्का विचारते, "भेटली? काय म्हणाली?"

"रोज चाला म्हणाली. गोड कमी करा म्हणाली."

अक्का थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत थांबते, पुढे काही येतंय का म्हणून. मग उठून आत जाते.